ओढ्यात ओतलेले अकरा गडू

मी एक जुना लाकडी हार आहे, मित्रांनो. हार म्हटल्यावर फुलं शोधू नका. बर्चच्या लाकडाचे चौसष्ट तुकडे एकमेकांत अडकवून मला गोल केलं आहे. खिळा नाही, डिंक नाही, दोरा नाही. लांबून बघणाऱ्याला मी म्हाताऱ्या घोड्याच्या गळ्यातला पट्टा वाटतो. जवळ येऊन हुंगलंत तर कळेल, माझ्या फटीफटींत बिअरचं विरजण वाळून बसलं आहे. दह्याचं विरजण वाटीत राहतं, आमच्या खोऱ्यात बिअरचं विरजण हारावर राहतं. एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझं कामच मुळी फुगवण्याचं आहे. ज्याला शिवेन ते फुगतं. तेव्हा माझ्या गोष्टीही थोड्या फुगतात, त्याला माझा इलाज नाही. तुम्ही वरचा फेस फुंकत फुंकत ऐका. तळाशी जे उरेल ते मात्र खरं आहे, आणि कडू आहे.

मला आस्लाक आजोबांनी घडवलं. त्या हिवाळ्यात बर्फ इतका पडला की घराचं दार उघडेना, आणि आजोबा धुराड्यातून ये-जा करत. मेंढ्यांनाही त्यांनी धुराड्यातूनच चारा घातला म्हणतात. बसून बसून कंटाळा आला तेव्हा त्यांनी चाकू हातात घेतला. बावन्न दिवस ते मला कोरत होते. शेवटी आजी वैतागली.

"एवढ्या वेळात माणूस पाळणा करतो," ती म्हणाली.

"पाळण्यात एक पोर मावतं," आजोबा म्हणाले. "यात अख्खं खोरं मावेल."

आणि मावलं, मित्रांनो. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, जुनिपर झुडपाच्या डहाळ्या घालून उकळलेल्या पाण्यात भिजवायचे, आणि तो गोड काढा पिपात दुधाइतका कोमट झाला की मला आत सोडायचं. माझ्या फटींतलं विरजण डोळे चोळत उठे. दोन दिवसांत पीप गुरगुरायला लागे. मग मला फेसात चांगलं घोळवून बाहेर काढत, चुलीपाशी खडखडीत वाळवत आणि कोठारातल्या खुंटीवर टांगत. पुढच्या खेपेपर्यंत माझी झोप.

विरजण सोडताना ओरडायचं असतं, हे सांगायचं राहिलं. मोठ्याने, पोटातून. जशी आरोळी तशी बिअर. मुळमुळीत ओरडणाऱ्याची बिअर मुळमुळीत होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आस्लाक आजोबा ओरडले की समोरच्या डोंगरातलं अस्वल कूस बदलून झोपे. एकदा तर त्याने उलट आरोळी दिली. त्या वर्षीची बिअर इतकी खवळली, की पिपाचं झाकण उडून कोंबड्यांच्या माळ्यावर जाऊन बसलं आणि तीन दिवस खाली उतरेना. फेस. फुंका.

ऋतू बदलला की माझी बिअरही कूस बदले. चेरी फुलल्या की हलकी, पिवळसर बिअर, आणि तिच्याबरोबर ओढ्यातला ताजा ट्राउट मासा नि कागदासारखी पातळ कुरकुरीत भाकरी. गवत कापायच्या दिवसांत ती पाणीदार असे. घामेजलेली माणसं बांधावर बसून आंबट सायीची खीर खात, वर वितळलेल्या लोण्याचं तळं, आणि मग गडूच्या गडू रिचवत. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या की तांबूस बिअर. तेव्हा कोबी आणि मटण काळ्या मिऱ्यात तासन् तास शिजत असे, आणि खारवून धुरावलेली मेंढीची मुंडी ताटात येई. तिच्या डोळ्यामागचा मऊ घास पाहुण्याचा. आणि नाताळला काळपट, जड बिअर, बर्चच्या काड्यांवर वाफवलेल्या खाऱ्या बरगड्यांबरोबर. प्रत्येकीची चव निराळी, पण शेवटी जिभेवर भाजलेल्या सफरचंदाचा एक हलका वास रेंगाळे. तो माझा. खोऱ्यात डोळे बांधून चाखायला दिली तरी माणसं म्हणत, "ही आस्लाकच्या घरची."

नाताळच्या चार दिवस आधी संत तोमासचा दिवस येतो. त्या दिवसापर्यंत लाकडं फोडून झालेली हवीत आणि बिअर तयार हवी. मग सगळे घरोघर जाऊन एकमेकांची बिअर चाखतात नि एकमेकांची उणीदुणी काढतात.

घरोघर म्हणजे आधी शेजारी. आमच्या घराच्या खाली ओढा आहे, ओढ्यावर दगडी साकव, आणि साकवापलीकडे हालवारचं घर. त्यांचं विरजण वेगळं होतं, भोकं पाडलेल्या ओंडक्यावर वाळवलेलं. आमच्यात विरजण विकत नाहीत, आणि मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. कारण विरजण कधी ना कधी नासतं. आपलं नासलं तर ज्याला दिलं त्याच्याकडून परत आणायचं. दिलेलं विरजण म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जपून ठेवलेलं आपलंच विरजण.

आता तोर्गिलबद्दल सांगतो. तोर्गिल हा आस्लाक आजोबांचा नातू. पुढे मी त्याच्या हातात आलो. हात आजोबांचाच, पण आवाज पातळ. तो पोटातून ओरडायला जाई आणि गळ्यातून कोकरू बाहेर पडे. बिअर मात्र फक्कड होई. म्हणजे जशी आरोळी तशी बिअर म्हणतात ते खोटं आहे का? मी त्यात पडत नाही.

एका डिसेंबरात तोर्गिल असाच ओरडला, आणि ओढ्यापलीकडून हालवार धावत आला. धिप्पाड माणूस, अंगावर नुसता सदरा, हातात दोर.

"कुठंय? कुंपणात अडकलंय का?"

"काय अडकलंय?" तोर्गिलने विचारलं.

"कोकरू! आत्ता ओरडलं ना?"

संत तोमासच्या दिवशी हालवारने ही गोष्ट भरल्या घरात सांगितली, दोर हातात घेऊन, नक्कल करून. माणसं पोट धरून हसली. सगळ्यात जास्त तोर्गिल हसला. हसली नाही ती ब्रिता, त्याची बायको. त्याच पातळ आवाजात त्याने तिला मागणी घातली होती. त्या आवाजाला कोणी हसलेलं तिला खपत नसे.

तिने हालवारच्या हातातला पेला काढून घेतला. "आमच्या घरी बसून, आमचीच बिअर पिऊन, आमच्याच माणसाला कोकरू म्हणतोस? आजपासून या घरच्या विरजणाचा थेंब साकवापलीकडे जाणार नाही."

"अगं वहिनी, थट्टा केली."

"मग पुढच्या वेळी थट्टेचंच विरजण लाव."

माणसं पुन्हा हसली, या खेपेला हालवारला. तोही हसला. पण ब्रिता बोलली ते बोलली.

दीड वर्षाने हालवारचं विरजण नासलं. ज्या घराला त्याने दिलं होतं ते अख्खं घर अमेरिकेला निघून गेलेलं. आणि दहा दिवसांवर त्याच्या लेकीचं, गुरोचं, लग्न. लग्नात घरची बिअर नाही म्हणजे नवरी अनवाणी उभी केल्यासारखं. ब्रिता तेव्हा डोंगरावरच्या उन्हाळी गोठ्यात चीज करत होती. हालवार साकवाच्या मध्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे पाऊल टाकेना.

"तोर्गिल," तो म्हणाला, "माझं पीप मेल्यासारखं पडलंय रे."

तोर्गिल वळला. कोठारात आला, मला खुंटीवरून काढलं, स्वतःच्या गळ्यात घातलं आणि वरून कोट चढवला. जूनच्या उन्हात कोट! मला त्याच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. चोरी करणाऱ्याच्या मानाने ते फारच आनंदी होते.

पलीकडच्या घरी मला काढ्यात सोडायची वेळ आली तेव्हा हालवार मागे सरला. "तू ओरड. तुझं विरजण, तुझी आरोळी."

तोर्गिल ओरडला. कोकरूच बाहेर पडलं. हसलं कोणी नाही. नंतर हालवारने आपला ओंडका त्या फेसात बुडवला, आणि अशा रीतीने मी दोन घरांत राहू लागलो.

"ब्रिताला कळता कामा नये," निघताना तोर्गिल म्हणाला. "मीच सांगेन तिला, बरी वेळ बघून."

"आणि तोवर?"

"तोवर तोंडाला कुलूप. शपथ घे."

हालवारने शपथ घेतली. आणि तोर्गिल बरी वेळ शोधायला लागला. गवताच्या दिवसांत ब्रिता दमलेली असे. मेंढ्यांच्या दिवसांत घाईत असे. नाताळात कशाला विषय, असं त्याला वाटे. वसंतात ती इतकी खुशीत असे की तोंड उघडवत नसे. दोन वर्षं गेली. मग एका ऑक्टोबरच्या सकाळी मेंढ्या उतरवताना तोर्गिलच्या छातीत कळ आली. मेंढ्या खाली आल्या, तोर्गिल आला नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाची बिअर करतात. ब्रिताने ती स्वतः केली. मला काढ्यात सोडलं, ओरडायला तोंड उघडलं, आणि आवाज निघाला नाही. तिने झाकण लावलं. बिअर झाली कशीबशी. पण मला चुलीपाशी वाळवायचं ती विसरली. ओलाच नेऊन टांगलं. तिला काय दोष देऊ? मला बुरशी धरली, एकेक तुकडा हिरवा पडला. नाताळच्या बिअरला तिने तसंच मला वापरलं, आणि पिपात नुसता आंबट शिर्का तयार झाला.

संत तोमासच्या दिवशी माणसं आली, तोंड वाकडं न करता शिर्का प्यायली. हालवार एका घोटात पेला संपवून म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं होतं."

"तू नको सांगूस," ब्रिता म्हणाली. "थट्टा शिल्लक असेल तर साकवावर जाऊन ओढ्याला सांग."

त्याने तोंड मिटलं. मेलेल्या मित्राला दिलेला शब्द जड असतो. पण शपथ तोंडाची होती, गडूची नव्हती. पुढच्या संत तोमासच्या दिवशी हालवारने साकवाच्या आमच्या टोकाला एक लाकडी गडू ठेवला, काठोकाठ भरलेला, वर स्वच्छ फडकं. ब्रिता खाली गेली. फडकं काढलं. तिला वाटलं, हा आपल्या शिर्क्याला खिजवतो आहे. तिने गडू उचलला, चाखलाही नाही, ओढ्यात उपडा केला आणि रिकामा दगडावर पालथा ठेवून आली.

कोठाराच्या खिडकीतून ओढा दिसतो. वारा माझ्याकडे होता. वास आला मला, मित्रांनो. भाजलेल्या सफरचंदाचा. तो माझा वास होता, माझ्या तोर्गिलच्या हातचा, आणि तो बर्फाळ पाण्यावरून खाली वाहत गेला.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो, हिच्यात फेस नाही. त्या पहिल्या वर्षी मला बरं वाटलं. मी इथे हिरवा पडून लटकतो आहे आणि तो भोकाभोकांचा ओंडका माझ्या जिवावर मिरवतो आहे! ओत, म्हटलं, ओत ब्रिता. दुसऱ्या वर्षीही बरं वाटलं, पण कमी. तिसऱ्या वर्षी ती गडू उपडा करताना क्षणभर थांबली, जरा वाकली, आणि मला वाटलं आता हुंगेल. मी सगळी ताकद लावून खुंटीवर डुललो, खडखड केली. तिला वाटलं उंदीर आहे. त्या दिवशी माझा एक तुकडा चिरला. लाकूड असंच रडतं.

अकरा वर्षं, अकरा गडू.

खोऱ्यातल्या माणसांना कळलं नव्हतं असं समजू नका. पलीकडच्या घरी बिअर पिताना प्रत्येकाने ओळखलं होतं. पण हालवार म्हणे, "मेलेल्याला शब्द दिलाय," आणि आमची माणसं शब्दापुढे गप्प बसतात. अख्खं खोरं एका बाईपासून तिच्याच घरची चव लपवत राहिलं, आणि याला सगळे इमान म्हणत.

ब्रिताने दुकानातली विरजणाची पुडी आणून पाहिली. तिच्या बिअरला पावाचा वास येई. मग ती शहरातून आलेल्या बाटल्या घेऊ लागली. बाटलीला ऋतू नसतो. चेरी फुलल्या काय, मेंढ्या उतरल्या काय, चव तीच. हळूहळू तिने मुंडी शिजवायचं सोडलं. एकटीला कशाला? बरगड्यांचंही तेच. सायीची खीर तेवढी ती करी, तीही उभ्या उभ्या खाई. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलं. ती कोठारात येई तेव्हा माझ्याकडे बघत नसे, आणि मी तिच्याकडे बघत असे.

बाराव्या वर्षी, मार्चमध्ये, हालवार गेला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. गुरोने नंतर चुलीपुढे बसून इतक्यांदा सांगितलं की आता मला ते पाहिल्यासारखंच वाटतं. ब्रिता काळी शाल घेऊन साकव ओलांडून गेली, पंधरा वर्षांत पहिल्यांदा. शेजाऱ्याच्या मयताला न जाणं आमच्याकडे होत नाही. आणि जिवंत माणसाची बिअर नाकारता येते, मेलेल्याच्या नावाची नाही. कोरलेला मोठा लाकडी वाडगा टेबलाभोवती फिरतो, ज्याच्या हाती येईल त्याने गेलेल्याचं नाव घेऊन एक घोट घ्यायचा आणि पुढे द्यायचा. ओठ ओले करून पुढे सरकवायचा, असं ब्रिताने ठरवलं होतं.

"हालवार," ती म्हणाली, आणि ओठ लावले.

वाडगा तिथेच थांबला. तिने एक घोट घेतला. मग दुसरा, मग तिसरा. वाडगा खाली येईना. शेवटी शेजारचा म्हातारा खाकरला. "ब्रिता, पुढेही माणसं बसली आहेत गं."

तिने वाडगा खाली ठेवला. तळ दिसत होता.

"गुरो, हे विरजण कुणाचं?"

सगळ्यांनी गुरोकडे पाहिलं. मग गुरो म्हणाली, "शपथ बाबांची होती काकू, ती त्यांच्याबरोबर गेली. आता मी सांगते. तोर्गिलकाकांनी दिलं होतं, माझ्या लग्नाला. तुम्ही डोंगरावर होतात."

"आणि साकवावरचे ते गडू?"

"त्यात हेच असायचं. तुमचंच होतं. बाबा म्हणायचे, तोंडाने सांगता येत नाही, जिभेला कळेल."

"मला वाटलं, खिजवतोय." ब्रिताने रिकाम्या वाडग्याच्या काठावरून बोट फिरवलं. "अकरा वर्षं. अकरा वर्षं मी तोर्गिलला ओढ्यात ओतत होते. आणि हालवार रिकामा गडू घेऊन परत जायचा. रागावायचा का गं?"

"नाही हो. म्हणायचे, आपल्या ओढ्यातले मासे सगळ्या खोऱ्यात सुखी आहेत."

कोणीतरी हसलं. मग ब्रिता हसली. आणि मग, गुरो सांगते, ते हसू मोडलं आणि तिला कोणाला आवरता आलं नाही.

ऊन अजून डोंगराच्या माथ्यावर होतं तेव्हा कोठाराचं दार उघडलं. ब्रिताने मला खुंटीवरून काढलं, शालीच्या टोकाने कोळ्याचं जाळं पुसलं, आणि मला गळ्यात घालून वरून शाल ओढून घेतली. मित्रांनो, तोर्गिलने मला तसंच नेलं होतं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. तिच्याही छातीचे ठोके मी ऐकले. ते आनंदी नव्हते.

पलीकडे मला उकळत्या पाण्यात घातलं. बारा वर्षांची बुरशी निघाली आणि तीन तुकडे फुटले. एकसष्ट राहिले. मग गुरोने मला तिच्या पिपातल्या फेसात बुडवलं. सगळ्या फटी भरल्या. ज्या ओंडक्याचा मी इतकी वर्षं मत्सर केला, त्याने माझं सगळं मला परत दिलं, एक थेंबही न ठेवता.

चेरी फुलल्या तेव्हा आमच्या चुलीवर पुन्हा हंडा चढला. गुरो मदतीला आली होती. ओढ्यातला मासा तव्यावर होता, भाकरी झाकून ठेवली होती. काढा दुधाइतका कोमट झाला.

"ओरडा काकू," गुरो म्हणाली. "पोटातून."

ब्रिताने डोळे मिटले, तोंड उघडलं. आणि त्या जाड्याभरड्या आवाजाच्या बाईच्या गळ्यातून काय बाहेर पडावं? कोकरू. पातळ, कापरं, हुबेहूब तोर्गिलचं.

गुरोला हसू आवरेना. ब्रिता मात्र झाकण हातात घेऊन दारात गेली आणि साकवाकडे बघत उभी राहिली. काढा निवायला लागला तरी ती तिथेच.

दोर घेऊन कोणी धावत आलं नाही.

आज मी पुन्हा खुंटीवर असतो, पण वाळलेला आणि कामाचा. ऋतू बदलला की खाली उतरतो. संत तोमासच्या दिवशी ब्रिता एक गडू भरून साकवाच्या पलीकडच्या टोकाला ठेवते. गुरो तो संपवते आणि रिकामा परत आणून देते. बिअर चांगली होते. लोक वाखाणतात. मला मात्र अजून त्या अकरा गडूंचा वास येतो, विशेषतः वारा ओढ्याकडून असला की.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या हाराचं एवढं ऐका. जुन्या वस्तू ओल्या टांगू नका, वापरा आणि वाळवून ठेवा. जे जपायचं असेल ते शेजाऱ्याला थोडं देऊन ठेवा. सांगायचं असेल ते बरी वेळ न शोधता सांगा. आणि ज्याच्याशी तुमचं भांडण आहे त्याने कधी दाराशी एखादा गडू ठेवला, दुधाचा असो, ताकाचा असो, कशाचाही असो, तर खुशाल रागावा. पण ओतून देण्याआधी एकदा चाखून बघा.